एका आडव्या रेघेचा इतिहास

न्यू जर्सीतल्या मरे हिल इथल्या बेल लॅब्जमध्ये 1970 च्या सुमारास संगणकाशी बोलायचे साधन म्हणजे टेलिटाइप. पडदा नव्हता. कागदाची गुंडाळी, शाईची फीत आणि चांगला जोर लावून दाबाव्या लागणाऱ्या कळा. मॉडेल 33 जातीचे यंत्र सेकंदाला दहा अक्षरे छापायचे, त्याहून वेगाने नाही. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स घडवले ते अशा यंत्रांपुढे बसून. त्यामुळे फाइलींची यादी दाखवणाऱ्या कमांडचे नाव झाले नुसते 'एलएस', नक्कल करणारीचे 'सीपी' आणि फाइल पुसणारीचे 'आरएम'. जी काटकसर कमांडच्या नावात, तीच त्या कमांडला द्यायच्या बारीकसारीक सूचनांत.

युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलवर 3 नोव्हेंबर 1971 ही तारीख आहे. त्यात एलएसच्या पानावर पाच ऑप्शन दिसतात: एल, टी, ए, एस, डी. एल म्हणजे सविस्तर यादी, टी म्हणजे वेळेच्या क्रमाने, ए म्हणजे एरवी झाकलेल्या फाइलींसकट, एस म्हणजे आकारासह, डी म्हणजे डिरेक्टरीच्या आत न शिरता तिचीच माहिती. अक्षरांच्या आधी एक हायफन, आणि अक्षरे एकमेकांना चिकटवून लिहायची मुभा. '-एलटी' लिहिले की दोन सूचना झाल्या.

ही आडवी रेघ मरे हिलमध्ये जन्मली नाही. थॉम्पसन आणि रिची त्याआधी मल्टिक्स या अवाढव्य प्रकल्पात होते. एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्ज यांनी मिळून तो हाती घेतला होता, आणि 1969 मध्ये बेल लॅब्ज त्यातून बाहेर पडली. मल्टिक्समध्ये कमांडच्या पुढे हायफन लावून पूर्ण शब्द लिहीत: '-लाँग', '-ब्रीफ', '-ऑल'. त्यांची आखूड रूपेही होती. मल्टिक्समधून आलेल्या माणसांच्या हाताला हायफन सवयीचा होता. युनिक्समध्ये हायफन राहिला, शब्द मात्र गळून एकेका अक्षरावर आले.

यातली खरी मेख निराळीच आहे, आणि पुढची पन्नास वर्षे तिच्याभोवती फिरतात. युनिक्सच्या कर्नलला, म्हणजे गाभ्याला, हायफन ठाऊकच नाही. शेल, म्हणजे तुमची आज्ञा वाचणारा प्रोग्राम, तुमची ओळ मोकळ्या जागांवर तोडतो, तुकड्यांची यादी करतो आणि कर्नलमार्फत प्रोग्रामच्या हाती देतो. सी भाषेत लिहिणारे तिला 'आर्गव्ही' म्हणतात आणि तुकड्यांच्या संख्येला 'आर्गसी'. त्या यादीत ऑप्शन आणि फाइलचे नाव सारख्याच कापडाचे असतात. वाण्याला द्यायच्या चिठ्ठीत सामानाची नावे आणि 'उधारीवर लिहा' ही सूचना एकाच शाईने, एकाच ओळीत लिहिली, तर काय सामान आणि काय सूचना हे वाण्यानेच ओळखायचे. तसा इथे प्रत्येक प्रोग्राम स्वतःच्या अकलेने ठरवतो. हायफन ही खूण आहे, कुंपण नाही.

याचा पहिला फटका बसला तो चांदणीचा, म्हणजे * या चिन्हाचा. 'आरएम *' लिहिले की त्या चांदणीच्या जागी डिरेक्टरीतल्या सगळ्या फाइलींची नावे भरली जातात. सुरुवातीच्या युनिक्समध्ये हे काम 'ग्लॉब' नावाचा वेगळा प्रोग्राम करी, पुढे ते शेलमध्येच आले. पण दोन्ही वेळी ते आरएम सुरू होण्याआधी उरकलेले असते. आता त्या डिरेक्टरीत कुणी '-आर' नावाची फाइल करून ठेवली असेल, तर आरएमच्या हाती पडणाऱ्या यादीत ती इतर नावांसारखीच येते. शिवाय आस्की क्रमात हायफन अंकांच्या आणि अक्षरांच्या आधी लागतो, म्हणून ती बहुधा यादीच्या अगदी तोंडाशी बसते. आरएम तिला फाइल समजत नाही. तिला ती 'आतल्या डिरेक्टऱ्यांसकट पुसून टाक' अशी आज्ञा वाटते. काही जाणत्यांनी यातूनच ढाल काढली. महत्त्वाच्या डिरेक्टरीत ते मुद्दाम '-आय' नावाची रिकामी फाइल ठेवत. चुकून 'आरएम *' झालेच, तर आरएम प्रत्येक फाइलीला 'पुसू का?' असे विचारत बसे.

सत्तरच्या दशकात प्रत्येक कमांडचा कर्ता आपापल्या पद्धतीने ती यादी वाचायचा. एक लूप, पहिले अक्षर हायफन आहे का याची तपासणी, मग दुसऱ्या अक्षरावर स्विच. इतका छोटा कोड कुणीही दहा मिनिटांत लिहील, म्हणून प्रत्येकाने तो लिहिला आणि प्रत्येकाचा वेगळा निघाला. सॉर्टला कोणत्या स्तंभावर क्रम लावायचा हे सांगायला '+1 -2' असे लिहावे लागे. तिथे अधिकचे चिन्हही सूचना होते आणि हायफनचा अर्थ 'इथे थांब' असा होता. टेलमध्ये '+5' म्हणजे पाचव्या ओळीपासून पुढे. 1979 च्या सातव्या आवृत्तीत आलेल्या टारला हायफन लागतच नव्हता, पहिला शब्द हाच सूचनांचा गुच्छ. आजही लोक 'टार एक्सव्हीएफ' असे बिनहायफन लिहितात ते त्यामुळे. फाइंडने एका हायफनमागे पूर्ण शब्द घेतले, '-नेम', '-प्रिंट'. तिथे ते शब्द निव्वळ ऑप्शन नसून एका तार्किक विधानाचे भाग होते, त्यामुळे त्यांच्या क्रमाला अर्थ होता. आणि डीडीने तर 'आयएफ=' आणि 'ओएफ=' अशी आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवरच्या जॉब कंट्रोल भाषेची धाटणी उचलली. एकाच छपराखाली बसणाऱ्या मोजक्या माणसांना हे सारे पाठ होते. बाहेर विद्यापीठांत युनिक्स पोचले, तेव्हा शिकणाऱ्याला प्रत्येक कमांडचे व्याकरण वेगळे शिकावे लागले.

शिवाय ऑप्शन वाढत चालले होते. बर्कली विद्यापीठातल्या आवृत्त्यांनी अनेक जुन्या कमांडना नवी अक्षरे जोडली. 1983 च्या उन्हाळ्यात टोरांटोत युझनिक्स या युनिक्स वापरणाऱ्यांच्या संघटनेच्या सभेत बेल लॅब्जच्या रॉब पाइकने यावर थेट टीका केली. त्याचा रोख होता तो कॅट कमांडवर. हिचे काम फाइली एकामागून एक ओतणे एवढेच, आणि तिला अदृश्य अक्षरे दाखवणारा '-व्ही' कशाला? ते वेगळे काम आहे, त्यासाठी वेगळा प्रोग्राम करा, असे त्याचे म्हणणे. पुढच्या वर्षी ब्रायन कर्निहनबरोबर लिहिलेल्या निबंधात त्याने हाच विचार विस्ताराने मांडला. पाइकचे तत्त्व मला आजही पटते, पण वाऱ्याची दिशा उलट होती. नवी गरज भासली की नवा प्रोग्राम लिहून तो सगळीकडे पोचवण्यापेक्षा असलेल्या प्रोग्रामला एक अक्षर जोडणे केव्हाही सोपे असते.

तेव्हा अक्षरे वाढणारच असतील, तर ती वाचण्याची पद्धत तरी एक करावी. बेल लॅब्जच्या मातृकंपनीत, एटी अँड टीमध्ये, 1980 च्या सुमारास, सिस्टिम थ्री नावाच्या आवृत्तीबरोबर, 'गेटऑप्ट' नावाचे छोटेसे फंक्शन आले. त्याची युक्ती सुंदर आहे. प्रोग्रामरने एक अक्षरमाला द्यायची, समजा 'एबीओ' आणि ओच्या पुढे एक विसर्गचिन्ह. म्हणजे ए आणि बी हे नुसते ऑप्शन, आणि ओला पुढे काहीतरी मूल्य लागते, फाइलचे नाव वगैरे. बाकी सगळे गेटऑप्ट बघणार: चिकटलेली अक्षरे सोडवणे, ओचे मूल्य त्याला जोडून आले आहे की पुढच्या तुकड्यात आहे हे पाहणे, अनोळखी अक्षरावर तक्रार करणे. दरवेळी बोलावले की ते एक ऑप्शन हातात ठेवते, आणि यादीतले ऑप्शन संपले की उणे एक. कमांड कशी बोलते हे आता एका ओळीत लिहिता येऊ लागले.

त्याच फंक्शनने आणखी एक गोष्ट रूढ केली: यादीत नुसते दोन हायफन आले की तिथे ऑप्शनची हद्द संपली. त्यापुढे जे काही येईल, मग त्याची सुरुवात हायफनने असो वा नसो, ते निखळ नाव समजायचे. '-आर' नावाची फाइल पुसायची तर 'आरएम -- -आर'. ही कुंपणाची पहिली काठी. पण ती वापरणाऱ्याने आठवणीने रोवायची होती, आणि या गोष्टीची किंमत पुढे दिसते.

1984 मध्ये कॅथलीन हेमेनवे आणि हेलीन आर्मिटेज यांनी युनिक्स कमांडच्या व्याकरणासाठी एक प्रस्तावित प्रमाण मांडले. तेरा नियम होते. कमांडचे नाव दोन ते नऊ अक्षरांचे असावे, लहान अक्षरांत. ऑप्शन एकाच अक्षराचा. सगळे ऑप्शन हायफनने सुरू व्हावेत. मूल्य न लागणारे ऑप्शन एका हायफनमागे जोडता यावेत. ज्याला मूल्य लागते त्याला ते लागतेच, 'दिले तर दिले' असा मधला प्रकार नको, कारण मग पुढचा तुकडा मूल्य की फाइल हे सांगता येत नाही. ऑप्शन आधी, फाइलींची नावे नंतर. ऑप्शनचा आपसातला क्रम महत्त्वाचा नसावा. एकट्या हायफनचा अर्थ एकच: कीबोर्डवरून किंवा पाइपमधून येणारा मजकूर. थॉम्पसन-रिचींची नावे सर्वांना माहीत असतात, या दोघींची फारशी कुणी घेत नाही. पण आज जगातल्या कुठल्याही टर्मिनलवर एखादी अनोळखी कमांड चालवताना आपण जो अंदाज बांधतो आणि तो बहुतेक वेळा बरोबर येतो, त्याचे श्रेय मी या तेरा नियमांना देईन.

नियम कागदावर राहिले असते, पण एटी अँड टीने 1985 मध्ये डॅलसला भरलेल्या युनिफोरम परिषदेत गेटऑप्टचा मूळ कोड सगळ्यांना खुला केला. परवान्याची अट नाही, पैसे नाहीत. टोरांटो विद्यापीठाच्या हेन्री स्पेन्सरने स्वतंत्रपणे लिहिलेली, कुणीही घ्यावी अशी आवृत्तीही त्याच सुमारास हातोहात फिरत होती. आपल्या युनिक्सवर कडक परवाने लावणाऱ्या कंपनीने हा एक तुकडा मोकळा सोडला, हे मोठे शहाणपण होते. सवय एक व्हायची तर हत्यार फुकट हवे.

युनिक्सच्या बाहेर वेगळीच गोष्ट घडत होती. डीईसी कंपनीच्या यंत्रांवर सूचनांच्या आधी तिरकी रेघ लावायची रीत होती, आणि 1981 च्या डॉसमध्येही तीच आली. 1983 च्या डॉस 2.0 मध्ये डिरेक्टऱ्या आल्या, तेव्हा युनिक्सप्रमाणे त्यांची नावे तिरक्या रेघेने जोडायला ती रेघ मोकळी नव्हती. म्हणून उलटी तिरकी रेघ. विंडोजच्या प्रत्येक पत्त्यातली ती उलटी रेघ ऑप्शनच्या एका जुन्या सवयीमुळे आहे.

एकेका अक्षराचे दिवस आता भरत आले होते. रिचर्ड स्टॉलमनने 1983 मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पात युनिक्सच्या कमांडा नव्याने लिहिल्या जात होत्या, आणि सव्वीस अक्षरांत सगळ्या सूचना मावेनात. मावल्या तरी लक्षात राहीनात. ग्नूच्या मंडळींनी पूर्ण शब्द परत आणले, आणि सुरुवातीला त्यांच्या आधी अधिकचे चिन्ह लावले. '+ऑल', '+रिव्हर्स' असे. पण येऊ घातलेल्या पॉझिक्स प्रमाणाशी ते जुळेना. मग दोन हायफन आणि शब्द ही पद्धत ठरली, आणि काही काळ जुने अधिकचे चिन्हही चालवून घेतले गेले. आपण आज सहज लिहितो ते '--हेल्प' आणि '--व्हर्जन' ग्नूच्या नियमावलीमुळे सार्वत्रिक झाले. माझ्या मते ही साऱ्या कहाणीतली सगळ्यात उदार देणगी आहे. मॅन्युअल हाताशी नसलेल्या माणसाला प्रोग्रामलाच विचारता येऊ लागले, तू काय काय ऐकतोस?

ग्नूने आणखी दोन सवलती दिल्या, आणि दोन्ही मला तितक्याशा निर्मळ वाटत नाहीत. एक, ऑप्शन कुठेही येऊ शकतो, फाइलींच्या नावांनंतरसुद्धा, कारण ग्नूचे गेटऑप्ट यादीच आतल्या आत हलवून ऑप्शन पुढे घेते. दोन, शब्द अर्धवट लिहिला तरी चालतो, जोवर तो दुसऱ्या कुणाशी गल्लत करत नाही. '--व्हर्ब' म्हटले की '--व्हर्बोज'. बोटांना बरे वाटते, पण उद्या कर्त्याने '--व्हर्बाटिम' नावाचा नवा ऑप्शन आणला की जुनी स्क्रिप्ट त्या दिवशी अडते. ज्यांना हे नको त्यांच्यासाठी एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे, पॉझिक्सली करेक्ट. ते लावले की ग्नूचे गेटऑप्ट पहिल्या साध्या नावापाशी थांबते.

पॉझिक्सचे शेल आणि कमांडांबद्दलचे प्रमाण 1992 मध्ये आले आणि हेमेनवे-आर्मिटेज यांचे नियम थोड्या फरकाने त्यात उतरले. प्रमाणाची धार नंतर जाणवली. 2001 च्या आवृत्तीने सॉर्टचे '+1' आणि टेलचे '+5' हे जुने प्रकार काढून टाकले, ग्नूच्या कमांडांनी ते नाकारायला सुरुवात केली, आणि वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेल्या स्क्रिप्ट ठिकठिकाणी बंद पडल्या. नव्या भाषांनी तोवर आपापली हत्यारे घडवली होती. पायथॉनमध्ये गेटऑप्टची नक्कल होती, 2003 मध्ये ऑप्टपार्स आले, पुढे आर्गपार्स. ऑप्शनचे वर्णन करा, '--हेल्प'चा मजकूर आपोआप तयार होतो, इथवर सोय आली.

पण कुंपणाचा प्रश्न तसाच होता.

मे 1994 मध्ये अमेरिकेतल्या सर्ट या संस्थेने सावधानतेचा इशारा काढला. आयबीएमच्या एआयएक्स 3 आणि लिनक्सवर कुणीही दुसऱ्या यंत्रावरून, पासवर्ड न देता, थेट रूट, म्हणजे सर्वाधिकारी, म्हणून आत येऊ शकत होते. 'लॉगिन' या प्रोग्रामला '-एफ' नावाचा ऑप्शन आहे. त्याचा अर्थ: या माणसाची ओळख आधीच पटली आहे, पासवर्ड विचारू नकोस. दूरवरून आलेल्या माणसाचे नाव घेऊन सर्व्हर लॉगिनला हाक मारी. मग कुणी आपले नावच '-एफरूट' असे सांगितले तर? सर्व्हरला ते नाव होते. लॉगिनला ती सूचना झाली, कारण ऑप्शनला मूल्य चिकटवून लिहायची मुभा पहिल्यापासून होती. बोटांच्या सोयीसाठी दिलेली सवलत वीस वर्षांनी दार उघडून गेली.

एवढे झाल्यावर सगळे शहाणे होतील असे वाटते. फेब्रुवारी 2007 मध्ये सन कंपनीच्या सोलारिस 10 मध्ये हेच पुन्हा सापडले, या वेळी टेलनेटच्या सर्व्हरमध्ये. नाव म्हणून '-एफबिन' दिले की बिन या खात्यात प्रवेश. तेच लॉगिन, तेच अक्षर, मध्ये जवळपास तेरा वर्षे. काही आठवड्यांतच या भोकातून पसरणारा एक वर्मही आला. लिहिणाऱ्यांनी जुना इशारा वाचला नव्हता असे म्हणून हे प्रकरण मिटत नाही. दोन प्रोग्राम वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेले असतात, आणि मधल्या यादीत नाव आणि आज्ञा वेगळे दाखवणारे काहीच नसते. सर्व्हर लिहिणाऱ्याच्या मनात नाव होते, ते मनातच राहिले.

10 ऑगस्ट 2017 रोजी कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिट, मर्क्युरियल आणि सबव्हर्जन या तिघांनी एकाच दिवशी दुरुस्त्या प्रसिद्ध केल्या. दूरच्या संगणकाच्या पत्त्यात यंत्राच्या नावाची सुरुवात हायफनने केली, की दूरच्या यंत्राशी जोडणी करून देणाऱ्या एसएसएच या प्रोग्रामला ते नाव ऑप्शन वाटे, आणि एसएसएचच्या 'प्रॉक्सीकमांड' या ऑप्शनमधून हवा तो प्रोग्राम चालवता येई. कुणाचा तरी कोड उतरवून घेताना, त्यातल्या उपप्रकल्पाच्या पत्त्यातून, तुमच्या संगणकावर परक्याची आज्ञा चालायची. तिघांची चूक एकच, कारण तिघांनी पत्ता जसाच्या तसा पुढे सरकवला होता. उपायही सारखाच: हायफनने सुरू होणारे यंत्राचे नाव नाकारा.

गिटची अडचण आणखी खोल होती. दोन हायफनची जुनी काठी त्यांनी केव्हाच दुसऱ्या कामाला लावली होती. गिटमध्ये ती आवृत्त्यांची नावे आणि फाइलींचे पत्ते यांना वेगळे करते. तिच्या आधी येणाऱ्या नावाने हायफन लावून फसवले तर ती काही करू शकत नव्हती. म्हणून 2019 च्या 2.24 आवृत्तीत '--एंड-ऑफ-ऑप्शन्स' असा लांबलचक शब्दच आणला गेला.

आणि मग यादीच्या दुसऱ्या टोकाची गोष्ट. 25 जानेवारी 2022 रोजी क्वालिस कंपनीच्या संशोधकांनी पीकेएक्झेक या प्रोग्राममधला दोष जाहीर केला. उबंटू, डेबियन, फेडोरा, सेंटओएस, सगळीकडे हा प्रोग्राम तेव्हा मुळातच बसवलेला असे आणि तो रूटच्या अधिकाराने चाले. दोष मे 2009 पासून, म्हणजे जन्मापासून, त्यात होता. ऑप्शन वाचणारा त्याचा लूप एकपासून मोजू लागतो, कारण शून्याव्या जागी प्रोग्रामचे स्वतःचे नाव असते हे सगळ्यांनी गृहीत धरलेले. पण यादी पूर्ण रिकामी देऊन प्रोग्राम सुरू करायला कर्नलची हरकत नव्हती. मग लूप एकदाही फिरत नाही, मोजणी एकवरच थांबते, आणि पीकेएक्झेक पहिल्या जागेवरचा तुकडा वाचायला जातो. ती जागा यादीची नसतेच. स्मृतीत यादीला लागून एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ठेवलेले असतात, त्यातला पहिला हाती लागतो. प्रोग्राम त्याला कमांडचे नाव समजून त्याचा पूर्ण पत्ता शोधतो आणि तो परत त्याच जागी लिहितो. अशा रीतीने सुरक्षेसाठी आधीच काढून टाकलेला घातक व्हेरिएबल पुन्हा आत येतो, आणि साधा वापरकर्ता रूट होतो.

हे कुणाच्याच नजरेला पडले नव्हते असे नाही. 2008 मध्येच मायकेल केरिस्कने रिकाम्या यादीबद्दल लिनक्सच्या कर्नलकडे तक्रार नोंदवली होती. 2013 मध्ये रायन मॅलनने नेमक्या पीकेएक्झेकमधला हाच प्रकार लिहून ठेवला होता, त्याचा गैरवापर कसा होईल तेवढे त्याला सापडले नव्हते. ओपनबीएसडी अशी रिकामी यादी आधीपासूनच नाकारत होती.

क्वालिसच्या घोषणेनंतर एरियाडनी कोनिल यांनी लिनक्सनेही ती नाकारावी असा बदल सुचवला. शोध घेतल्यावर दिसले की काही प्रोग्राम, विशेषतः चाचण्या घेणारे, रिकामी यादी देतच होते. नकार दिला तर तेही मोडले असते. म्हणून त्याच वर्षीच्या 5.18 आवृत्तीत मधला मार्ग निघाला: यादी रिकामी आली तर कर्नल स्वतःच तिच्यात एक रिकामी ओळ टाकतो, शून्याव्या जागेवर, आणि असे पहिल्यांदा घडले की आपल्या नोंदवहीत कोणत्या प्रक्रियेने कोणता प्रोग्राम असा सुरू केला हे लिहून ठेवतो.